खंडाळ्याच्या बदल्यात दिलेला डोंगर

माझे आजोळ खंडाळ्याचे. खंडाळा म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर बोरघाटातले, लोणावळ्याच्या शेजारचे खंडाळा उभे राहते. पण हे खंडाळा सातारा जिल्ह्यातले, पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाट चढण्यापूर्वी लागणारे. पूर्वी ते वाई भागात मोडत असे. बेताचा पाऊस, ज्वारी-बाजरीची शेते आणि उन्हाळ्यात तळ दिसू लागलेल्या विहिरी हे चित्र मी लहानपणी दर मे महिन्यात पाहिले आहे. त्याच दिवसांत पुण्या-मुंबईच्या मोटारींची रांग आमच्या गावावरून महाबळेश्वरकडे जात असे आणि आम्ही मुले रस्त्याच्या कडेला बसून ती मोजत असू. त्या थंड डोंगराचा आणि आमच्या रखरखीत गावाचा काही जुना हिशेब आहे, असे तेव्हा कोणी सांगितले असते तर आम्हाला ते खरे वाटले नसते.

तो हिशेब मला फार उशिरा, महाबळेश्वरच्या इतिहासाची पाने चाळताना सापडला. १८२९ साली साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात एक करार झाला. महाराजांनी महाबळेश्वरच्या डोंगरमाथ्यावरची जमीन कंपनीला द्यावी आणि तिच्या बदल्यात कंपनीने वाई भागातले खंडाळा गाव महाराजांना द्यावे, असा तो व्यवहार होता. त्या जमिनीवर जी वस्ती उभी राहिली, तिला मुंबईचा तत्कालीन गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या नावावरून ‘मालकम पेठ’ असे नाव मिळाले. आज आपण ज्याला सरसकट महाबळेश्वर म्हणतो, जिथे बाजार आहे, एस.टी. स्थानक आहे आणि हॉटेलांची गर्दी आहे, ते गाव म्हणजे ही मालकम पेठ होय. मूळचे महाबळेश्वर तिथून पाच-सहा किलोमीटरांवर आहे आणि त्याला आता आपणच ‘जुने महाबळेश्वर’ किंवा ‘क्षेत्र महाबळेश्वर’ असे वेगळे नाव देऊन बसलो आहोत. पाहुण्याने घराचे नाव घ्यावे आणि घरधन्याला नवे नाव शोधावे लागावे, तसे हे झाले आहे, आणि मला ते नेहमी खटकते.

खटकण्याचे आणखी एक कारण म्हणजे ‘महाबळेश्वरचा शोध लॉडविकने लावला’ हे वाक्य. पीटर लॉडविक हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी १८२४ साली दाट रानातून वाट काढत डोंगराच्या एका कड्यापर्यंत पोहोचला, हे खरे आहे. त्या कड्याला आज लॉडविक पॉइंट म्हणतात आणि तिथे त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभही आहे. या डोंगरावर पाऊल ठेवणारा तो पहिला युरोपीय माणूस, एवढाच त्या स्तंभाचा दावा आहे आणि तेवढ्यापुरता तो मान्य करायला माझी हरकत नाही. पण ‘शोध’ हा शब्द त्यानंतर आपल्या मार्गदर्शकांच्या आणि माहितीपत्रकांच्या तोंडी इतका रुळला आहे की, त्याआधी हा डोंगर जणू कोणाला ठाऊकच नव्हता असे वाटावे.

वस्तुतः कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या या क्षेत्री शतकानुशतके यात्रा भरत आली आहे. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकात येथे बांधकाम केल्याचे सांगितले जाते. जावळीच्या मोऱ्यांचा मुलूख तो हाच. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, लगेच प्रतापगड बांधून काढला आणि १६५९ साली त्याच गडाच्या पायथ्याशी अफझलखानाचा प्रसंग घडला. १६६५ साली याच महाबळेश्वरी महाराजांनी जिजाबाईंची आणि सोनोपंत डबीरांची सुवर्णतुला केली. ज्या ठिकाणी एवढा इतिहास घडून गेला, त्याचा १८२४ साली ‘शोध’ लागला असे म्हणण्याऐवजी, त्या वर्षी कंपनीची नजर त्याच्यावर पडली असे म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

ती नजर का पडली, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८१८ साली पेशवाई बुडाली. दुसऱ्या बाजीरावाने ज्या इंग्रज अधिकाऱ्यापुढे शरणागती पत्करली आणि ज्याने त्याला वार्षिक आठ लाख रुपयांची नेमणूक कबूल केली, तो अधिकारी म्हणजे हाच जॉन माल्कम. पेशव्यांच्या राज्यातून कंपनीने साताऱ्याचे छोटे राज्य वेगळे काढले आणि तोवर पेशव्यांच्या नजरकैदेसारख्या अवस्थेत दिवस काढणाऱ्या प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवले. १८१९ च्या तहाने नीरा आणि वारणा या नद्यांच्या दरम्यानचा मुलूख महाराजांना मिळाला. मात्र रेसिडेंटच्या, म्हणजे साताऱ्यातल्या कंपनीच्या प्रतिनिधीच्या, परवानगीवाचून बाहेरच्या कोणत्याही सत्तेशी पत्रव्यवहार करायचा नाही, अशी अट त्यांच्यावर घालण्यात आली. म्हणजे १८२९ चा जमिनीचा करार हा कागदावर दोन सत्तांमधला असला, तरी त्यातल्या एकीच्या अंगणात दुसरीची पलटण होती. महाराजांनी जमीन खुशीने दिली असेलही. तथापि नकार देण्याची मोकळीक ज्याला फारशी नसते, त्याच्या होकाराचे वजन करताना मला संकोच वाटतो.

कंपनीला डोंगर हवा होता तो आजारी युरोपीय लोकांसाठी. मुंबई इलाख्यातल्या उन्हाळ्याने, हिवतापाने आणि पोटाच्या विकारांनी सैनिक आणि अधिकारी खचत असत. परवडणारे लोक हवापालटासाठी समुद्रमार्गे दूर आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला जात. त्यात महिनेच्या महिने आणि बराच पैसा खर्च होत असे. मद्रास इलाख्याला निलगिरीत उटकमंड सापडले होते, उत्तरेकडे सिमल्याला घरे उभी राहू लागली होती, पण मुंबई इलाख्याजवळ तसे काही नव्हते. साताऱ्यापासून जवळ, सुमारे साडेचार हजार फूट उंचीवरचा आणि कोकणच्या बाजूने समुद्राशी जोडता येण्याजोगा हा डोंगर त्या गरजेत नेमका बसला. लॉडविकने त्याच्या हवेचे गुण जाहीर केले. साताऱ्याचा रेसिडेंट जॉन ब्रिग्ज याने महाराजांकडे साताऱ्याहून वर जाणाऱ्या रस्त्याचा आग्रह धरला. आणि १८२७ च्या अखेरीस गव्हर्नर म्हणून आलेल्या माल्कमने पुढच्याच वर्षी स्वतः डोंगरावर येऊन आरोग्यधामाचा बेत पक्का केला. दोन-तीन वर्षांतच तिथे गव्हर्नरचा बंगला, अधिकाऱ्यांची घरे आणि त्यांना लागणारा माल पुरवणाऱ्या दुकानदारांची पेठ उभी राहिली.

यातला रस्ता मात्र महाराजांनी बांधून दिला, हे ठळकपणे सांगायला हवे. साताऱ्याहून मेढ्यावरून वर चढणारी वाट प्रतापसिंह महाराजांच्या खर्चाने झाली. महाराजांना रस्ते, पाणीपुरवठा, शाळा आणि छापखाना यांची मनापासून आवड होती. साताऱ्यात त्यांनी ही सारी कामे केली. त्यामुळे हा रस्ताही त्यांनी केवळ इंग्रजांच्या सोयीसाठी नव्हे, तर स्वतःच्या राज्याचे काम म्हणून केला असावा, असे मी समजतो. मुंबईहून येणारी मंडळी मात्र दुसऱ्या बाजूने येत. बोटीने बाणकोटच्या खाडीत शिरायचे, सावित्रीतून महाडच्या बाजूला उतरायचे आणि तिथून भोयांच्या खांद्यावरच्या पालखीत बसून पारघाटाने वर चढायचे, असा तो प्रवास होता. वाटेवरच्या रडतोंडीच्या घाटाचे नाव इंग्रजांच्या तोंडी ‘रोटंडा’ असे झाले. चढताना रडू फुटावे म्हणून ज्या घाटाला आपल्या लोकांनी ते नाव दिले, त्याचे एखाद्या घुमटाकार इमारतीला शोभेलसे नाव झालेले पाहून मला त्या भोयांच्या सुजलेल्या खांद्यांची आठवण येते.

मालकम पेठेच्या सुरुवातीच्या माणसांपैकी ज्यांच्याविषयी मला सर्वांत जास्त जाणून घ्यावेसे वाटते, ते कोणी गव्हर्नर किंवा जनरल नव्हेत. माल्कमने येथे एक तुरुंग बांधला आणि त्यात सुमारे १२० चिनी आणि मलायी कैदी ठेवले. हे कैदी मलाक्काच्या सामुद्रधुनीकाठच्या इंग्रजी वसाहतींतून आणलेले होते. त्या काळी हिंदुस्थानातले कैदी काळ्या पाण्यावर पेनांगला आणि सिंगापूरला पाठवले जात आणि तिकडचे कैदी इकडे आणले जात. माणूस आपल्या मुलखापासून जितका दूर, तितका तो पळून जाण्याची भीती कमी, हा त्यामागचा हिशेब होता. सिंगापूरच्या दमट किनाऱ्यावरून निघालेला एखादा चिनी मजूर सह्याद्रीच्या माथ्यावर, जिथे त्याची भाषा बोलणारे त्याच्यासोबतचे बंदी सोडून कोणी नाही, अशा ठिकाणी येऊन पडला, तेव्हा त्याला पहिल्या रात्रीची थंडी कशी वाटली असेल, याचा मी पुष्कळदा विचार करतो.

या कैद्यांनी तिथे बागा केल्या. महाबळेश्वरचा बटाटा हा त्यांच्या हातचा. इतर विलायती भाज्याही त्यांनीच या मातीत प्रथम रुजवल्या आणि वेताच्या टोपल्या विणण्याचे कसबही त्यांनी दाखवले. १८६४ साली तो तुरुंग बंद झाला. आज त्यांची आठवण ‘चायनामन्स फॉल’ या धबधब्याच्या नावात उरली आहे. त्यांच्या बागा त्या बाजूला होत्या. ज्यांनी या गावाला खायला घातले, त्यांच्यापैकी एकाचेही नाव गावातल्या कोणत्याही कड्याला मिळाले नाही, सगळ्यांना मिळून एक धबधबा मिळाला आणि तोही त्यांच्या वंशाच्या नावाने. पुढे कॉफी आणि सिंकोना यांचेही प्रयोग या डोंगरावर झाले. हिवतापावरचे औषध ज्याच्या सालीपासून निघते, तो सिंकोना लिंगमळ्याच्या परिसरात लावण्यात आला होता, पण तो तग धरू शकला नाही. बटाटा मात्र टिकला.

बटाट्याच्या आधी या डोंगराचे पीक होते लोखंड. हे वाचून अनेकांना नवल वाटेल, मलाही वाटले होते. एकदा पाऊस नुकताच उघडला असताना मी मालकम पेठेतल्या एका जुन्या बंगल्याच्या कुंपणाच्या भिंतीपाशी थांबलो होतो. भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची होती. जांभा हा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवा लागली की घट्ट होत जातो. त्याच्या अंगावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी छिद्रे असतात. त्या छिद्रांतून पाणी ठिबकत होते आणि जिथून ते ओघळले होते, तिथे गंजलेल्या पत्र्यावर असतात तसे तांबूस-काळसर ओघळ उमटले होते. बोट फिरवले तर बोटाला गंजाचा रंग लागला. संपूर्ण महाबळेश्वरच्या माथ्यावर या दगडाचे झाकण आहे आणि त्या दगडात लोखंड आहे. धावड नावाचा समाज पिढ्यान्‌पिढ्या तो दगड फोडून, रानातल्या लाकडाचा कोळसा करून, भाता ओढत भट्टीत लोखंड गाळत असे.

मालकम पेठ वसल्यानंतर रानाची किंमत बदलली. इंग्रजांना सावली हवी होती, झरे आटायला नको होते, कड्यावरून दिसणारा हिरवा देखावा हवा होता. जंगल राखण्याचे नियम आले, कोळशासाठी लाकूड मिळेनासे झाले, त्यातच विलायती लोखंड स्वस्तात बाजारात येऊ लागले आणि धावडांच्या भट्ट्या थंडावल्या. जंगल वाचले ही चांगलीच गोष्ट झाली. आज जांभूळ, हिरडा, अंजनी आणि पिसा यांची जी झाडी तिथे उभी आहे, ती पाहून मलाही आनंदच होतो. परंतु त्या झाडीची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मी मनातून काढू शकत नाही.

या गावाचे आयुष्य सुरुवातीपासून ऋतूंनी कापलेले होते. येथे वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. गव्हर्नर आणि त्याचा लवाजमा उन्हाळ्यात येई, पावसाची चाहूल लागली की खाली उतरे आणि पाऊस सरल्यावर पुन्हा थोडे दिवस वर येई. मागे राहणारे लोक घरांच्या भिंतींना गवताच्या झडी बांधून, साऱ्या पेठेला जणू घोंगडी पांघरून, ते महिने काढत असत. आजारी सैनिकांसाठी शोधलेले ठिकाण हळूहळू इलाख्याच्या राज्यकर्त्यांचे उन्हाळी बिऱ्हाड होत गेले. १८३१ च्या जानेवारीत सर सिडनी बेकविथ हा मुंबईचा सेनापती येथेच वारला; त्याच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभ आजही आहे. हवेच्या लौकिकासाठी प्रसिद्ध झालेल्या गावात इतक्या लवकर एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याचे स्मारक उभारावे लागले.

आता मूळच्या हिशेबाकडे येतो, कारण तो १८२९ साली संपला नाही. ज्या प्रतापसिंह महाराजांनी हा डोंगर दिला आणि त्यावर जायला रस्ता बांधला, त्यांच्यावर काही वर्षांतच कंपनीविरुद्ध कट केल्याचा आरोप आला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी संधान बांधले, कंपनीच्या शिपायांना फितवण्याचा प्रयत्न केला, असे ते आरोप होते. १८३६ साली चौकशीसाठी जी गुप्त समिती बसली, तिच्यात साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट म्हणून लॉडविक होता. होय, तोच कड्यावर चढून गेलेला लॉडविक. पुढे गव्हर्नर म्हणून सर जेम्स रिवेट कार्नाक आला. आरोप मान्य करा म्हणजे गादी राखू, अशी अट महाराजांपुढे ठेवली गेली. न केलेल्या अपराधाची कबुली द्यायला महाराजांनी नकार दिला आणि सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवण्यात आले. तिथेच १८४७ साली त्यांचे निधन झाले.

त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि चौदा वर्षे तिथे झगडत राहिले. ज्याने डोंगरावरच्या रस्त्यासाठी आग्रह धरला होता, तो ब्रिग्जही तोवर मायदेशी परतला होता आणि कंपनीच्या भागधारकांच्या सभेत महाराजांच्या बाजूने बोलला, हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण सगळ्यांना एकाच मापाने मोजणे मला योग्य वाटत नाही.

महाबळेश्वरला गेलेल्या वाचकांनी लॉडविक पॉइंट पाहिला असेल. बॉम्बे पॉइंटच्या बाजूला कार्नाक पॉइंट नावाचीही एक जागा आहे. ज्याने प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवले, त्या कार्नाकचे नाव प्रतापसिंह महाराजांनी दिलेल्या डोंगराच्या कड्याला आहे. मी तिथे गेलो तेव्हा समोर कोयनेचे खोरे धुक्यात बुडालेले होते आणि शेजारी एक आजोबा नातवाला डोंगरांची नावे सांगत होते. त्यांनी प्रतापगड कोणत्या बाजूला ते बरोबर दाखवले. कार्नाक कोण होता, असे नातवाने विचारले, तेव्हा ‘असेल कोणी साहेब’ एवढेच उत्तर त्याला मिळाले. मी पुढे होऊन सांगायला हवे होते. भीड पडली म्हणून राहून गेले, याची खंत मला अजून आहे.

प्रतापसिंह महाराजांच्या जागी कंपनीने त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराज यांना गादीवर बसवले. १८४२ साली वेण्णा तलाव बांधला तो त्यांनी. ज्या तलावात आज उन्हाळ्याच्या सुटीत होड्यांसाठी रांगा लागतात, तो निसर्गाने दिलेला नाही आणि इंग्रजांनीही बांधलेला नाही. तो सातारच्या छत्रपतींनी पाणी अडवून तयार केला आहे. त्याच वर्षी मालकम पेठेतले इंग्रजी चर्चही विधिपूर्वक खुले झाले. एप्रिल १८४८ मध्ये आप्पासाहेब महाराज वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. साताऱ्याचा तेव्हाचा रेसिडेंट बार्टल फ्रियर याने दत्तकाचा हक्क मानावा असे मत दिले होते, पण लॉर्ड डलहौसीने तो नामंजूर केला आणि साताऱ्याचे राज्य खालसा केले. पुढे हाच फ्रियर मुंबईचा गव्हर्नर झाला आणि त्याच्या कारकिर्दीत, १८६४ साली, पेठेत वाचनालयासाठी फ्रियर हॉल उभा राहिला.

साताऱ्याचे राज्य खालसा झाले, तेव्हा नीरेपासून वारणेपर्यंतचा सगळा मुलूख कंपनीकडे गेला. त्यात मेढ्यावरून वर जाणारा महाराजांचा रस्ता होता, वेण्णा तलाव होता, क्षेत्र महाबळेश्वर होते, प्रतापगड होता. आणि डोंगराचा मोबदला म्हणून एकोणीस वर्षांपूर्वी कंपनीने महाराजांना दिलेले माझे आजोळ खंडाळा, तेही त्यातच होते.